हिंमतरावांची निसणी

मी निसणी बोलतेय. पुण्या-मुंबईकडची माणसं मला शिडी म्हणतात आणि सरकारी कागदावरही माझं नाव तेच आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याला, आमच्या सोनाळ्याच्या बाजूला, मला निसणीच म्हणतात. दोन उभे बांबू आणि त्यांत ठोकलेल्या आडव्या पायऱ्या, एवढं माझं अंग. आमच्या गावात अशी निसणी घरोघरी असते. पण माझ्यासारखी मिरवलेली दुसरी दाखवा बरं! एका माणसाला मी एकदा आमदार केलं आणि दोनदा आपटलं, तेही तोंडातून अवाक्षर न काढता. बढाई वाटली तर वाटू द्या बाप्पा, पण आधी ऐकून घ्या.

माझे बांबू सातपुड्यातले, पायऱ्या बाभळीच्या. जळगाव जामोदच्या बाजारात सुतारानं मला भिंतीला लावून ठेवलं होतं. तिथं हिंमतराव आणि पुष्पाबाई हे नवराबायको आले. हिंमतराव अंगानं भरदार, धोतर पांढरंशुभ्र, मिशीला पीळ, आणि आवाज असा की बाजाराच्या या टोकाला खोकले तर त्या टोकाचे बैल कान टवकारत. पुष्पाबाई बारीक, चपळ आणि मोजकं बोलणाऱ्या. हिंमतरावांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि शेजारच्या ठेंगण्या निसणीकडं बोट दाखवलं.

"हे घेऊ. हे बरी हाय."

"मले धाब्यावर चढाचं हाय, ओट्यावर नाई," पुष्पाबाई म्हणाल्या. त्यांनी कासोटा नीट खोचला आणि भर बाजारात माझ्यावर पार टोकापर्यंत चढून मला हलवून बघितलं. मी जरासुद्धा कुरकुरले नाही. हिंमतराव मात्र पाठ करून उभे होते आणि कपाळाचा घाम पुसत होते. मला वाटलं, उन्हाचा घाम असेल.

खरं काय ते घरी गेल्यावर कळलं. आमच्याकडं घरांवर कौलं नसत. लाकडांवर मातीचा जाड थर देऊन सपाट छप्पर करत, त्याला धाबं म्हणत. मिरच्या, कुरड्या, वड्या, सगळं वाळवण त्या धाब्यावर. पुष्पाबाईंची दिवसभर माझ्यावरून ये-जा. दिवस मावळताना वाळवण गोळा करायला गेल्या की घटकाभर वरच बसून राहत. कारण खाली घर कसलं, गावाची चावडी! भांडण आलं की हिंमतरावांकडं, सोयरीक जमेना की हिंमतरावांकडं, बैल हरवला तरी हिंमतरावांकडं. चुलीवरचं चहाचं भगुलं कधी खाली उतरत नसे. "वैनी, अजून दोन कप" असं जिथं ऐकू येत नाही अशी जागा त्यांना एकच होती, धाबं.

"एक डाव तुमी बी या ना वर," त्या नवऱ्याला म्हणत. "सातपुडा दिसते, सोनाळ्याचे दिवे दिसतेत. अन् मुख्य म्हंजे वर कोनी येत नाई. घटकाभर दोघंच बसू."

हिंमतराव मग मिशीला पीळ देत माझ्यापाशी येत. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. चौथीवर पाय पडला की त्यांना घेरी यायची. गुडघे लटपटायचे, आणि दोन्ही हातांनी मला अशी मिठी मारायचे की मीच लाजून चूर व्हायची. मग डोळे मिटून एकेक पाय खाली. "उद्या येतो," असं म्हणून तरातरा ओसरीवर निघून जायचे. एवढा मोठा पुरुष, नाव हिंमतराव, आणि उंचीला असा भ्यायचा! हे गुपित पुष्पाबाईंना ठाऊक, त्यांना स्वतःला ठाऊक आणि मला. मी कुणाला सांगणार?

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. बासष्टची निवडणूक आली आणि गावानं हिंमतरावांना धरलं. "हिंमतराव, तुमचा आवाज भोंग्याबिगर मुंबईत ऐकू जाईन. उभे राहा!" झालं, अपक्ष म्हणून उभे राहिले. अर्ज भरायला निघण्याआधी अंगणात, अगदी माझ्यासमोर, त्यांनी पुष्पाबाईंना सांगितलं, "आमदार झालो का पयलं काम कोनतं करीन, तं तुह्यासंग धाब्यावर येऊन बसीन. शब्द हाय माहा."

"पाहा हं," पुष्पाबाई म्हणाल्या. "हे तुमचं पयलं आश्वासन हाय. पुढचे मंग देजा लोकाइले."

हिंमतरावांनी निशाणी म्हणून घोडा मागितला होता. घोडा दुसऱ्याच कुणाच्या वाट्याला गेला, दिवा तिसऱ्याच्या. संध्याकाळी घरी आले ते टोपी हातात घेऊन.

"काय भेटलं?" पुष्पाबाईंनी विचारलं.

 हिंमतरावांनी नुसतं माझ्याकडं बोट केलं.

पुष्पाबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. आणि मग जे हसू फुटलं! पदर तोंडात कोंबला, भिंत धरली, तरी आवरेना, शेवटी मटकन खालीच बसल्या. "मायबाई वं! सरकारनं बी पाहूनच देली!"

"हासू नोको," हिंमतराव कळवळून म्हणाले. "लोकाइनं चढाले सांगतलं तं काय करू मी?"

त्यावर तोड निघाली कडूबाची. कडूबा म्हणजे घरचा सालदार गडी, अंगानं काटक आणि तोंडानं त्याहून तिखट. मला बैलगाडीत उभी बांधली, झेंडूच्या माळा घातल्या, आणि कडूबा पत्र्याचा भोंगा घेऊन माझ्या शेंड्यावर जाऊन बसला. "निसनी! निसनी! हिंमतरावाची निसनी!" असा ओरडत तो गावोगाव हिंडला. माणसं त्याच्याकडं बघत राहत, आणि उमेदवार स्वतः कधी वर चढत नाही हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. मला तर इतकी हवा लागली म्हणता! ज्या वाटेनं बैलगाड्या कडबा घेऊन जात, त्या वाटेनं मी माळा घालून चालले होते.

आता आमच्याकडच्या बायकांची एक रीत सांगते. दारात काहीही नवं येऊ द्या, नांगर येवो, म्हैस येवो, सासुरवाडीची गाडी येवो, बाई पाण्याचा तांब्या आणि हळदकुंकू घेऊन बाहेर येणारच. चाकावर पाणी घालायचं आणि जे आलं असेल त्याला बोटभर कुंकू लावायचं. गावागावांत माझ्या पायऱ्यांवर कुंकवाची बोटं उठत गेली. मी लालेलाल झाले.

नदीपल्याडचं वेलखेड हे सगळ्यांत मोठं गाव. तिथं तर कमालच झाली. तानुबाई नावाची एक म्हातारी होती, गावातल्या सगळ्या बायका तिच्या शब्दातल्या. तिनं गाव गोळा केला, चालता न येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही उचलून आणवलं, आणि झाडून सगळ्यांकडून मला कुंकू लावून घेतलं. ते बघून हिंमतराव हरखून गेले. आणि हरखले की त्यांचा जिभेवरचा ताबा सुटायचा.

"माय-बहिनीहो!" ते गरजले. "तुमी आज या निसनीले कुंकू लावलं. तुमचं मत मले आजच भेटलं! आता मी तुमचा झालो!"

टाळ्या अशा पडल्या की बैल बुजले.

त्यात त्या वर्षी मत द्यायची तऱ्हाही नवी होती. आधीच्या निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, आपल्या माणसाच्या पेटीत चिठ्ठी टाकली की झालं. आता पेटी एकच, एकाच कागदावर सगळ्यांच्या निशाण्या, आणि आपल्या निशाणीवर शिक्का मारायचा. खेड्यापाड्यांत कुणाला धड काही उमगलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी वेलखेडची माणसं सकाळीच विळे घेऊन हरभरा सोंगायला शेतात गेली. शाळेत मांडलेल्या पेटीजवळ साहेबलोक माशा मारत बसले. हिंमतराव थोडक्यात पडले. वेलखेडच्या निम्म्या माणसांनी जरी शिक्का मारला असता तरी गुलाल आमच्या अंगणात उधळला असता. निवडून आले भगवानराव. जीपवाले, कापसाच्या चार जिनिंगचे मालक, आणि हिंमतरावांना हिणवायची एकही संधी न सोडणारे.

हिंमतराव गाडी जुंपून थेट वेलखेडला गेले. मी अजून गाडीतच बांधलेली होते.

"काऊन वं तानुबाई, मत काऊन नाई देलं?"

"देलं ना बाप्पा!" म्हातारी दोन्ही हात नाचवत म्हणाली. "तुमीच तं म्हनलं, कुंकू लावलं म्हंजे मत भेटलं! आमी साऱ्या गावानं लावलं. आता आनखी किती डाव द्याव एका मानसानं मत?"

हिंमतरावांनी बैल वळवले.  आपल्याच जिभेनं आपलं गाव बुडवलं होतं. आणि खरं सांगू का, त्यांना पाडलं ते माझ्या अंगावरच्या कुंकवानं. परतीच्या वाटेवर मी माळेतली वाळकी फुलं गाळत गुपचूप बसले होते. घरी पुष्पाबाईंनी मला धुतलं, धाब्याला लावलं आणि विचारलं, "येता का वर?"

"निवडून कुठं आलो?" हिंमतराव म्हणाले आणि ओसरीवर गेले.

सदुसष्ट साली ते पुन्हा उभे राहिले. या खेपेला त्यांनी निशाणी आपल्या तोंडानं मागितली, कारण आता पंचक्रोशीत हिंमतराव म्हणजे निसणी हे पोराटोरांना पाठ झालं होतं. भोंग्यावरून कडूबाची नवी ओरड सुरू झाली, "कुंकू घरी, शिक्का कागदावरी!" वेलखेडच्या तानुबाईनं ते ऐकलं आणि म्हणाली, "आमी दोनी करतो. आमाले काय खर्च लागते!"

पण भगवानराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांच्या माणसांनी गुपित हुंगून काढलं होतं. सोनाळ्याच्या बाजारात, ऐन गर्दीत, समोरासमोर दोन सभा लागल्या. त्यांच्याकडं लाऊडस्पीकर, आमच्याकडं कडूबा. भगवानराव लाऊडस्पीकरवरून म्हणाले, "हिंमतराव, पाच सालं झाले, निसनी घेऊन फिरून राह्यले! पन तिच्यावर चढलेलं तुमाले कोनं पाह्यलं काय? चढा ना एक डाव! चढले तं मी सोता तुमाले मत देतो!"

बाजार थांबला. मिरची तोलणाऱ्याचा हात तागडीवर राहिला, जिलबीवाला झारा घेऊन उभा राहिला. "चढा हिंमतराव, चढा!" असा गलका उठला. कडूबा मध्ये घुसला, "मी चढतो की!" पण त्याला कोण विचारतं?

हिंमतरावांनी टोपी नीट केली. पहिली पायरी, दुसरी, तिसरी.  चौथी! आणि सुरू झाली की ती थरथर. माझे दोन्ही बांबू खडखडायला लागले. त्यांनी मला मिठी मारली, डोळे गच्च मिटले, आणि हजार माणसांसमोर एक भरदार मिशीवाला पुरुष निसणीला पालीगत चिकटून राहिला. मला इतकी शरम कधी वाटली नाही, आणि इतकी मायाही.

"पाहा!" लाऊडस्पीकर गरजला. "हे तुमाले वर नेतीन म्हनते!"

हिंमतराव हळूहळू उतरले आणि माझ्या खालच्या पायरीवर बसले. भोंगा मागितला नाही, त्यांना तो लागतच नव्हता.

"खरं हाय भगवानरावजी," ते म्हणाले. "मले उंचावर भेव लागते. लगनाच्या आंधीपासून लागते. बायकोले ठाऊक हाय, या निसनीले ठाऊक हाय, आता तुमाले बी ठाऊक झालं. मी चौथ्या पायरीच्या वर कईच गेलो नाई." मग गर्दीकडं वळून म्हणाले, "पन मायबापहो, भेवाऱ्या मानसाचा एक फायदा हाय. त्याले तुमी कितीक वर बसवा, त्याचं सारं ध्यान खालतंच राह्यते. अन् खालतं तं तुमीच सारे!"

 मिरच्यांच्या ढिगामागून एक म्हातारा खो-खो हसायला लागला. "अबे, हा तं आपल्यासारखाच भेदरट हाय बे!" झालं! अख्खा बाजार हसत सुटला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, जिलबीवाला हसता हसता कढई विसरला आणि घाणा करपला. भगवानरावांच्या सभेतली माणसंही उठून आमच्याकडं यायला लागली. तिकडं लाऊडस्पीकर एकटाच बोलत राहिला.

हिंमतराव दणक्यात निवडून आले. वेलखेडची पेटी उघडली तर जिकडंतिकडं निसणीच निसणी! गुलालानं मी अशी रंगले की चारदा धुतलं तरी तो रंग जाईना.

आणि इथून माझे हाल सुरू झाले. आमदारांच्या घरची निसणी म्हणून मला तांबडा-पिवळा ऑइलपेंट दिला, बैठकीच्या भिंतीवर आडवी टांगली, वरून रोज हार. निसणी आडवी! सांगा बरं, कुठली निसणी आडवी राहून सुखी होईल? पुष्पाबाईंना धाब्यावर जायला शेजारची निसणी मागून आणावी लागायची. ती मेली दोन पायऱ्या मोडलेली, खुळखुळी, आणि तिच्यावरून पुष्पाबाई रोज वर जायच्या, मी भिंतीवरून बघत राहायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"निवडून आलो का येतो म्हनले होते," पुष्पाबाई म्हणत.

"आता अधिवेशन हाय," हिंमतराव म्हणत. अधिवेशन संपलं की दौरा, दौरा संपला की मुंबई. मुंबईला आमदारांच्या मुक्कामाला त्यांनी तळमजल्यावरचीच खोली मागून घेतली. कामं मात्र केली हो, उगाच कशाला नाही म्हणू? सोनाळ्याचा रस्ता केला, वेलखेडला शाळा बांधली, पाण्याची उंच टाकी उभी केली. टाकीच्या उद्घाटनाला साहेबलोक म्हणाले, वर चला, फीत वर बांधलीय. हिंमतरावांनी ती फीत सोडवून आणवली, टाकीच्या खांबाला बांधली आणि खालीच कापली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना त्यांचा माणूस ठाऊक होता. घरी मात्र चहाची भगुली आता दोन चुलींवर चढली होती, आणि पुष्पाबाई धाब्यावर एकट्याच बसत होत्या.

मग आली बहात्तरची निवडणूक. हिंमतरावांना एका मोठ्या पक्षाचं तिकीट मिळालं. त्याबरोबर निशाणीही पक्षाची आली. कोणती, ते मी नाही सांगणार. सवतीचं नाव मी घेत नसते. मला बैठकीतून काढून गोठ्यामागं टाकलं आणि माझ्या पायऱ्यांवर कोंबड्या बसायला लागल्या.

इकडं निसणी ही निशाणी मोकळी झाली. ती कुणाला मिळाली म्हणता? आमच्याच शिवारातल्या रंगरावाला. हा एक साधाभोळा मळेवाला, वांगी-मिरची पिकवायचा. हिंमतरावांच्या प्रचाराची जीप त्याच्या वांग्याच्या वाफ्यातून गेली, तेव्हा रागाच्या भरात त्यानं जाऊन अर्ज भरला. दोन दिवसांत राग उतरला, पण अर्ज मागं घ्यायच्या दिवशी तो मेव्हण्याच्या लग्नात पंगतीला वाढत होता. त्यानं एक सभा घेतली नाही, एक पत्रक काढलं नाही. मतदानाच्या दिवशीही तो वांगी तोडत होता.

हिंमतराव जीपमधून गावोगाव नवी निशाणी सांगत फिरले. लोक "हाव जी, हाव जी" म्हणत राहिले. पण कागद हातात आला आणि त्यावर लोकांना दिसले कोण? मी! गेली दहा वर्षं ज्यांनी मला कुंकू लावलं होतं, ते मला सोडून कुठं जातील?

रंगराव निवडून आला. त्याला जेव्हा हार घालायला माणसं मळ्यात गेली, तेव्हा तो घाबरून उसात पळाला, असं कडूबा सांगतो.

त्या दिवशी आमच्या अंगणात पहिल्यांदाच कुणी आलं नाही. चूल थंड, ओसरी मोकळी. हिंमतराव खाली बघत बसले होते. "लोकाइनं टाकून देलं मले," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत. पुष्पाबाई जवळ बसून होत्या. कडूबा उगाच बैलांना दुसऱ्यांदा पाणी दाखवत होता. मी गोठ्यामागून सगळं बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला रडू येत होतं. कारण पाडलं होतं मीच.

तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला. वेलखेडच्या गाड्या! पहिल्या गाडीतून तानुबाई उतरली, पार वाकलेली, हातात नारळ आणि हळदकुंकवाची कोयरी. मागं बायकांचा घोळका.

"निवडून आले ना बाप्पा!" तिनं अंगणातूनच आरोळी ठोकली. "साऱ्या गावानं निसनीवरच मारला! कागदावर हं! आता आमी चुकत नाई. कुठं हाय वं निसनी? आना तिले!"

कडूबानं तोंड उघडलं. हिंमतरावांनी त्याचा हात असा दाबला की त्या बिचाऱ्यानं ते तसंच मिटलं. मला गोठ्यामागून आणून उभं केलं. कोंबड्यांनी केलेली घाण पुष्पाबाईंनी पदरानं पुसली. बायकांनी कुंकू लावलं. हिंमतराव उठले आणि तानुबाईच्या पायावर त्यांनी डोकं ठेवलं.

"लय बरं केलं माय," ते म्हणाले. "तुमच्यासारखं मत मले कोनीच देलं नाई."

बायका चहा पिऊन आनंदानं गेल्या. त्यांच्या गाड्या वळतात न वळतात तोच रंगराव आला, गळ्यात हार, अंगाला मळ्याचा चिखल, तोंड रडवेलं.

"हिंमतरावजी, मले काईच समजत नाई! मुंबईले जाऊन करू काय? माहे वांगे तोडाले आले!"

"जाय तू," हिंमतराव म्हणाले. "वांग्याइचं पाहू आमी. अन् खोली तळमजल्याची मांगजो, हवा चांगली राह्यते."

रंगरावाच्या जीवात जीव आला. जाता जाता त्याची नजर माझ्यावर पडली. "हे निसनी देता काय मले? लय गुनाची हाय. पुढच्या डावाले कामी येईन."

 पण पुष्पाबाई पुढं आल्या. साऱ्या जन्मात त्यांचा एवढा चढा आवाज मी ऐकला नव्हता. "निसनी नाई भेटाची! तिच्याकडं माहं काम हाय."

रंगराव गेला. आणि हिंमतरावांना हसू फुटलं. आधी मिशीत, मग पोटात, मग सगळं अंग हलायला लागलं. "कुंकू लावलं तवा पडलो, शिक्का मारला तवा बी पडलो! अन् दोनी डाव लोकाइनं मलेच देलं होतं मत!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. कडूबा हसला, पुष्पाबाई हसल्या, मी तर खडखडत होते.

दिवस कलला होता. पुष्पाबाईंनी मला उचललं आणि धाब्याला लावलं. स्वतः झपझप वर गेल्या, काठावर बसल्या आणि हात खाली केला.

"या."

"निवडून आलो का येतो म्हनलं होतं," हिंमतराव खालून म्हणाले. "आता तं पडलो ना मी."

"कोन म्हनते?" पुष्पाबाई म्हणाल्या. "वेलखेडच्या बाया आताच सांगून गेल्या ना, निवडून आले म्हनून. मंग आश्वासन पाळा."

कडूबानं मला खालून गच्च धरलं. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीवर ते थांबले, मिठी मारली, थरथर सुरू झाली. "खालतं पाहू नोका," वरून आवाज आला. "माह्याकडं पाहा." त्यांनी वर बघितलं. आणि माझ्या पाचव्या पायरीवर त्यांचा पाय पडला! अहो, मी या घरात आल्यापासून पडला नव्हता तो पाय! मग सहावी, मग सातवी. मी श्वास रोखून उभी होते. शेवटी पुष्पाबाईंनी त्यांना हाताला धरून ओढलं, आणि माजी आमदार धाब्यावर चार पायांवर रांगत पोचले. थेट मधोमध जाऊन बसले आणि पुष्पाबाईंचा पदर मुठीत धरून राहिले.

समोर सातपुडा होता, सोनाळ्यात एकेक दिवा लागत होता. मग हिंमतराव म्हणाले, "हे सारं इथून दिसते? अन् तू आजवर एकटीच पाहून राह्यली होती?"

"सांगून तं राह्यली होती," पुष्पाबाई म्हणाल्या.

इतक्यात कुणीतरी भांडण घेऊन दारात आलं. "साहेब हाय का घरी?"

धाब्यावरून तो जुना आवाज गरजला, सोनाळ्यापर्यंत गेला असेल. "नाई! आज मी घरी नाई! उद्या या!"

उतरणं झालं अंधार पडल्यावर. अंधारात उंची दिसत नाही, म्हणून भीतीही कमी वाटते, हा शोध त्यांना त्या दिवशी लागला. पुष्पाबाई वरून सांगत गेल्या, "आता डावा पाय, आता उजवा," आणि ते आले खाली.

तेव्हापासून ते रोज जातात. माझा ऑइलपेंट कधीच उडाला, दोन पायऱ्या कडूबानं नव्या ठोकल्या. गावातली पोरं म्हणाली, सिमेंटचा जिना बांधून देऊ, तर हिंमतरावांनी साफ उडवून लावलं. माझी चौथी पायरी बाकीच्यांपेक्षा जास्त झिजली आहे, कारण ते अजूनही तिच्यावर थांबतात, दम घेतात आणि वर बघतात.

आता म्हणे पुन्हा निवडणूक आली आहे. दोघं-तिघं मला मागायला येऊन गेले; कुणी माळा घालतो म्हणालं, कुणी जीपवर बसवतो म्हणालं. बाप्पाहो, मी तुमच्या पाया पडते, मला नेऊ नका. मिरवून झालं माझं. तुम्हीही दारात मत मागायला आलेल्याला हवं ते विचारा, रस्ता विचारा, पाणी विचारा. पण घरच्या बाईला दिलेला शब्द पाळला का, हे आधी विचारा. बरं, आता पुरे करते. दिवस कलला. पुष्पाबाई वर जाऊन बसल्या आहेत, आणि तिकडून हिंमतराव मिशीला पीळ देत माझ्याकडं येत आहेत. मला नीट उभं राहिलं पाहिजे.